बाप्पाचा डावा डोळा

पेणच्या आमच्या गणपती कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवायला, म्हणजे आखणीला, हैबतरावांचाच हात. मात्र गांजाचा झुरका मारल्याशिवाय ब्रश उचलायचे नाहीत. म्हणे हात स्थिर होतो! हात होई स्थिर, डोक्याचा पत्ता नसे. कपाळावर चष्मा चढवून चष्मा शोधत. चहा पिऊन पाच मिनिटांत, "चहा नाय आला अजून?" आणि विसरलो म्हणून कबूल करतील तर ते हैबतराव कसले! "मला सगळं आठवतं," हे ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं, रोहिणीचं लग्न झालं. सासर रोह्याजवळच्या अष्टमी गावात. तिथला तिचा पहिला गणपती बापानं स्वतः आखून, रिवाजाप्रमाणे तोंडावर रुमाल बांधून पाठवला. चतुर्थीला सकाळी भटजींनी रुमाल काढला आणि सासूबाई, गिरजाबाई, किंचाळल्या. बाप्पाला डावा डोळाच नव्हता! उजवा काढून हे झुरका मारायला उठले असणार आणि येऊन दुसऱ्याच मूर्तीपुढे बसले असणार.

"मूर्ती बदला नायतर सून बदला," एवढंच म्हणायचं गिरजाबाईंनी बाकी ठेवलं. रोहिणीचा रडत फोन आला. मी हैबतरावांना मोटारसायकलवर घातलं आणि सुटलो. वाटेत गडब गावाला उतरून त्यांनी झुरका मारलाच; वाटलं, असंच भातखाचरात ढकलून द्यावं. अष्टमीत पोचलो तर ब्रश पेणलाच! शेवटी रोहिणीच्या आयलायनरनं डोळा काढला. तो असा उतरला की गिरजाबाईंनी मुकाट हात जोडले.

संध्याकाळी हैबतराव खिसे चाचपू लागले. "माझी पुडी कुठं गेली गो?"

पुडी रोहिणीनं दुपारीच चुलीत घातली होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आरती झाल्यावर तुम्हीच नाय का बाप्पापुढं शपथ घेतलीत आणि पुडी कुंडलिका नदीत टाकलीत? आठवत नाय?"

हैबतराव गोंधळले. मग ते ताठ बसले. "आठवतंय ना! मला सगळं आठवतं."

बाप्पापुढची शपथ मोडणार कशी? वर्ष झालं, झुरका नाही. प्यालेला चहा आता आठवतो. आणि येईल त्याला ते ती शपथ डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पुडी पुलाखालून कशी हेलकावत गेली, तेही.

परवा रोहिणी कारखान्यात आली होती. तिनंही सगळं ऐकलं, पदरानं डोळे पुसले.

"व्हय बाबा," म्हणाली, "मला पण तसंच आठवतं."