एकसष्ट टक्क्यांवर थांबलेल्या काकू

नामदेवकाका गेल्याचा त्यांच्या मुलीचा, सुरेखाताईचा, फोन आला तेव्हा मी कॉलेजात होतो. दीड महिना झाला… अजूनही त्यांची आठवण आली की मला आधी ती डिस्कच दिसते.

भोसरीत आमच्या खोल्या शेजारी. काका कारखान्यात पोलादी साच्यांना पॉलिश करायचे. त्यात तोंड दिसेपर्यंत घासायचे. काकू चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. तिथल्या बायकांवर परदेशी लोकांनी माहितीपट काढला आणि त्याची ब्लू-रे डिस्क घरी आली. काकू गेल्यावर त्यांचा आवाज तेवढ्यातच उरला. पुढे प्लेअर बंद पडला, तेव्हा काका माझ्याकडे आले. "कॉलेजात शिकतोस ना? मोबाइलवर घेऊन दे भावा."

मला जमेल याची खात्री नव्हती. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स, त्यावर अशा डिस्क सहज चालत नाहीत; आणि कुणी कॉपी करू नये म्हणून डिस्कला कुलूप घातलेलं. ते उघडणारी किल्ली, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ, शोधण्यात चार दिवस गेले. शेवटी कॉपी सुरू झाली. काका स्क्रीनवरचे टक्के बघत बसले. एकसष्टवर सगळं अडलं. "ओरखडा आहे," एवढंच म्हणून मी लेक्चरला गेलो… हात लावू नका, हे सांगायचं राहिलं.

परत आलो तर डिस्क आरशासारखी चमकत होती. काकांनी साचे चमकवायची डायमंड पेस्ट लावून ती घासली होती. "बघ, आता ओरखडा शोधून दाखव!" ब्लू-रेत चित्र साठवलेला थर अगदी पातळ पापुद्र्याखाली असतो, तोच घासला गेला होता. ड्राइव्हनं डिस्क ओळखलीच नाही.

"माझ्याच हातानं गेली व्हय?" काकांनी विचारलं.

मी कॉम्प्युटरवर उतरलेली अर्धवट फाइल लावली. एकेक बाई बोलून जात होती, काकू येईनात. अगदी शेवटी आल्या. कॅमेऱ्यामागून कुणीतरी विचारलं, "काम जड जातं का?" काकू हसल्या, बोलायला तोंड उघडलं, आणि चित्र संपलं. मग काकाच म्हणाले, "जड कसलं? चहा तेवढा वेळेवर पाठवा म्हनावं." त्यानंतर दोन वर्षं ते रोज मोबाइलवर ती फाइल लावायचे आणि काकूंचं उत्तर स्वतः द्यायचे.

तेराव्यानंतर सुरेखाताईनं ती फाइल लावली. काकू हसल्या, थांबल्या. मीच चाचरत काकांचं ते चहाचं वाक्य म्हटलं.

"असं न्हाई रे," ताई म्हणाली, "बाबा 'चहा'वर जरा थांबायचे…"

तिनं फाइल पुन्हा सुरू केली आणि आईनं तोंड उघडायची वाट बघत बसली.