साडेबारा मीटर

अंतर ही जगातली एकमेव प्रामाणिक गोष्ट आहे. माणसं खोटं बोलतात, घड्याळं मागं पडतात, पण शंभर मीटर म्हणजे शंभर मीटर, तिथं वशिला चालत नाही. हे वाक्य मी शाळेत इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हटलं आहे, की पुढे पुढे मुलंच ते माझ्याआधी पूर्ण करायची. मी मराठीचा शिक्षक. अंतराशी माझा संबंध घर ते शाळा एवढाच. त्यामुळे वाक्य तपासून पाहायची वेळ कधी आली नव्हती.

आमची शाळा अंथुर्ण्याच्या अलीकडे, उसाच्या मधोमध. खेळाचे शिक्षक बदली होऊन गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मुख्याध्यापकांनी एक शिट्टी आणि एक स्टॉपवॉच आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "शेवटचा तास तुम्हाला मोकळाच असतो," एवढंच म्हणाले. अशा रीतीनं मी क्रीडाप्रशिक्षक झालो.

त्याच वर्षी शाळा समितीनं शंभर मीटरचा धावमार्ग करायचं ठरवलं. शाळेचा टेप कुंपणाची भिंत बांधणाऱ्या गवंड्यानं नेला होता. भिंत उभी राहिली, टेप परत आला नाही. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, मोठे ऊस बागायतदार. त्यांना ही अडचण अडचणच वाटली नाही.

"टेप कशाला पायजे, गुरुजी? ठिबकची नळी हाय की! चाळीस सेंटीमीटरवर एक ड्रिपर. अडीचशे ड्रिपर मोजा, शंभर मीटर झालं. आमी सगळं रान असंच मोजतो."

गणित बिनचूक होतं. आबांच्या गड्यानं जुन्या नळीचं वेटोळं आणून टाकलं. मी एकेका ड्रिपरवर, म्हणजे नळीवरच्या पाणी ठिबकायच्या छिद्रावर, बोट ठेवत अडीचशे मोजले आणि खात्री म्हणून पुन्हा मोजले. दोन्ही वेळा अडीचशेच भरले. जिथं नळी संपली तिथं ग्रॅनाइटची पाटी बसली. पाटीवर उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं नाव वीतभर अक्षरांत आणि 'धावमार्ग १०० मीटर' हे त्याखाली, जागा उरली तेवढ्यात. पाहुणे दोन तास उशिरा आले. वेळेचं महत्त्व या विषयावर बोलले. याच मातीतून ऑलिम्पिकवीर घडेल असं सांगून गाडीत बसले.

जिची ही गोष्ट, ती मुलगी तेव्हा सातवीत होती.

तिचे वडील गुळवे, म्हणजे गूळ करणारे कारागीर. मुझफ्फरनगरकडून आलेले, पिंपळीच्या बाजूला एका गुऱ्हाळावर काही वर्षं काढून मग आमच्याकडच्या गुऱ्हाळावर आलेले. काहिलीत, म्हणजे चुलाणावरच्या भल्यामोठ्या कढईत, रस उकळत असतो, आणि तो नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा हे गुळव्यानं ठरवायचं असतं. मुलगी इकडे आली तेव्हा तीन वर्षांची होती. त्यामुळे घरात हिंदी आणि घराबाहेर अशी अस्सल इंदापुरी मराठी, की प्रमाणभाषेचे माझे सगळे प्रयत्न तिच्यापुढं वाया गेले. वर्गातली पोरं तिला 'यूपी एक्स्प्रेस' म्हणायची. काही जण नुसतंच 'भय्याची पोरगी'. एकदा माझ्या समोरच एकानं विचारलं, "ए, तुमची गाडी परत कवा जाणार गं यूपीला?"

"तू पुढं पळून दाव, मग जाती," ती म्हणाली.

तो पुढं पळू शकला नाही. कोणीच पळू शकलं नाही. गुऱ्हाळ ते शाळा ती पळतच यायची, चिपाडाच्या ढिगावरून, पाटावरच्या फळीवरून, दप्तर पाठीवर आपटत. मी ते पाहिलं आणि स्टॉपवॉच गळ्यात अडकवलं. त्या वेळी मला वाटलं, की बाकीचं सगळं आता आपोआप होईल.

झालं नाही. नववीच्या सुरुवातीला तिचे वडील शाळेत आले. कपड्यांना गुळाचा वास, हातावर भाजल्याच्या जुन्या खुणा. खुर्चीवर बसायला तयार नव्हते.

"मास्टरजी, इसके बारे में," ते म्हणाले, आणि मग माझ्या सोयीसाठी मराठीत शिरले. "पोरगी मोठी झाली. गुऱ्हाळावर पन्नास माणसं येतात-जातात. माझा भाऊ म्हणतो, गावी पाठव, चाचीजवळ राहील. तिकडं पळणं-बिळणं नाही. तुम्ही बोलता, पुण्याला होस्टेल आहे पळणाऱ्या पोरींचं. तिथं लागली तर राहू दे. नाही लागली तर होळीला मी तिला सोडून येतो."

"वेळ द्या," मी म्हणालो.

"होळीपर्यंत दिलाच की."

त्या क्रीडा वसतिगृहाची अट साधी होती. जिल्ह्याच्या स्पर्धेत शंभर मीटर साडेतेरा सेकंदांच्या आत पळालेल्या मुलींना निवडचाचणीला बोलावत. आमच्या मैदानावर तिची वेळ होती चौदा पूर्णांक सहा. म्हणजे एक सेकंद आणि वर थोडं. वाचणाऱ्याला हे फार वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी वाचनालयातून धावण्यावरची दोन पुस्तकं आणली. त्यांत लिहिल्याप्रमाणे तिची सुरुवात बदलली, हात बदलले, मान बदलली. आबा घरून भिजवलेले हरभरे आणि उकडलेली अंडी पाठवू लागले. ती सगळं खायची, सगळं ऐकायची आणि चौदा पूर्णांक सहामध्ये पळायची. एकदा चौदा पूर्णांक पाच आले. दुसऱ्या दिवशी परत सहा. तालुक्याला ती पहिली आली, पण तालुक्याला नुसते नंबर काढतात, वेळ कोणी घेत नाही.

डिसेंबरात एकदा पळून झाल्यावर ती पाटीला टेकून बसली.

"सर, म्होरं लई लांबतंय."

"म्हणजे?"

"म्हंजी पळताना वाटतं, झालं शंभर. अन् पाटी अजून तितंच लांब. पायांना वाटतं सरलं, अन् सरतच न्हाय."

यावर मी तिला चिकाटीवर वीस मिनिटं बोललो. शेवटच्या टप्प्यातच माणसाची परीक्षा असते, असंही म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत ओघवतं भाषण असावं.

जिल्ह्याची स्पर्धा बारामतीत होती. आबांच्या पिकअपमध्ये पुढं आबा आणि मी, मागं ती आणि तिचे वडील. त्या दिवशी काहिलीवर त्यांनी दुसऱ्याला उभं केलं होतं आणि वाटभर त्यांना मुलीपेक्षा त्या रसाची काळजी जास्त असावी असं वाटत होतं. निदान बोलत तरी तेवढंच होते. मैदानावर निळे कोट, छातीवर बिल्ले, आणि आपल्या बिल्ल्यापेक्षा दुसऱ्याचा मोठा नाही ना हे पाहणारे लोक. स्वागताची भाषणं झाली. ती चालू असताना मुली उन्हात उभ्या होत्या.

मग शर्यत झाली. ती पहिली आली हे दिसलंच. पण वेळ जाहीर झाली: तेरा पूर्णांक शून्य.

माझ्या गळ्यात स्टॉपवॉच होतं. मी ते पाहिलं. तेरा पूर्णांक एक. आनंद व्हायला हवा होता, मला संशय आला. दोन वर्षं रोज एकच आकडा पाहिलेल्या माणसाला एका दुपारी दीड सेकंद उडून गेलेला सहन होत नाही. याला एकच कारण असू शकत होतं: मैदान आखूड आहे. आणि आखूड मैदानावरच्या वेळेच्या जोरावर ती पुण्याला गेली आणि तिथं खऱ्या शंभराला उघडी पडली, तर? मी टेबलापाशी गेलो.

"साहेब, जरा शंका आहे. हे शंभर मीटर पूर्ण आहे का?"

निळ्या कोटातल्या पंचांनी मान वर केली. "आक्षेप आहे का?"

"आक्षेप नाही, शंका."

"शंकेला रकाना नाही. आक्षेपाला आहे. कोणत्या खेळाडूविरुद्ध?"

मी तिचा क्रमांक सांगितला.

"आणि तुम्ही कोणाचे प्रशिक्षक?"

मी तोच क्रमांक पुन्हा सांगितला. त्यांनी चष्मा काढला.

निकाल थांबवला गेला. ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं, की शंभर मीटर मुली या शर्यतीवर आक्षेप आल्यानं मोजणी होईल. स्टीलचा टेप आला, तीन पंच आले, एक वही आली. मैदानाच्या कडेला तिचे वडील उभे होते.

"मास्टरजी, क्या हुआ? आक्षेप किसने लिया?"

"मी."

त्यांनी होळीचं नाव काढलं नाही, पण होळी त्या क्षणी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. आबांनी तोंडावर उपरणं धरलं. मुलगी मात्र माझ्याकडं नुसती पाहत होती, रागानं नव्हे, एखादं माणूस उगाच विहिरीकडं चाललेलं पाहावं तसं.

पाऊण तास गेला. मोजणी झाली. शंभर मीटर, बोटभरही कमी नाही. वहीत लिहिलं गेलं: आक्षेप फेटाळला. खाली माझी सही घेतली. त्या स्पर्धेत स्वतःच्याच खेळाडूविरुद्ध आक्षेप घेऊन तो हरलेला मी एकटाच प्रशिक्षक होतो, आणि इतका आनंद मला एखादा आक्षेप जिंकूनही झाला नसता.

परतताना भवानीनगर मागं पडलं तसा आबांनी पिकअपचा वेग कमी केला. मग म्हणाले, "गुरुजी, ती नळी कुठल्या रानातली दिली व्हती?"

"मला काय माहीत, आबा? तुमच्या गड्यानं आणली."

"वरच्या रानातली चाळीसची हाय. खालच्या रानातली..." आबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "खालच्या रानातली पंचेचाळीसची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी नवा टेप आणला. आम्ही दोघांनी तो रेषेपासून पाटीपर्यंत धरला. एकशे साडेबारा मीटर. ती आमच्या मागं उभी होती. तिनं टेपवरचा आकडा वाचला आणि म्हणाली, "बघा. म्या सांगितलं व्हतं."

"व्हय गं बाय," आबा म्हणाले. "पर तू पोरगी. आमचं लक्ष ड्रिपरकडं."

तिच्या वडिलांना सांगायला मी गुऱ्हाळावर गेलो. ते पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकून बोटांनी चाचपत होते. माझं सगळं ऐकून झाल्यावर हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

"मास्टरजी, लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर केला तर करपतो. तुम्ही दोन वर्षं काहील चुलीवरच ठेवली. नशीब, पोरगी करपली नाही."

मग त्यांनी गरम गुळाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. भाजलं, पण टाकता येईना.

पुण्यात निवड झाली. कागदांत 'मूळ गाव' असा एक रकाना होता. तिनं विचारलं, काय लिहू? वडिलांनी त्यांच्या गावाचं नाव सांगितलं. तिनं ते लिहिलं आणि पुढं स्वल्पविराम देऊन आमच्या गावाचंही लिहिलं. कारकुनानं एकच ठेवा म्हटलं. ती म्हणाली, "जागा हाय की." जागा खरंच होती. होळीला वडील गावी गेले नाहीत. तिला वसतिगृहावर सोडायला गेले, ते गुळाची एक ढेप घेऊन.

तिथल्या प्रशिक्षकबाईंनी मला एकदा फोनवर सांगितलं, की हिची सुरुवात सामान्य आहे (ती मी पुस्तकातून शिकवली होती), पण शेवट विलक्षण आहे. बाकीच्या मुली ऐंशी मीटरनंतर ढिल्या पडतात, ही शंभर झाल्यावरही पडत नाही. ही कुठली पद्धत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ठिबक. त्यांनी लिहून घेतलं असावं.

गेल्या वर्षी ती राज्याच्या स्पर्धेत पदक घेऊन आली. वेळ बारा पूर्णांक तीन. गावानं तिचा सत्कार ठरवला. फलकावर 'आमच्या मातीची लेक' असं होतं, आणि यूपीची गाडी कधी जाणार असं विचारणारा मुलगा तो फलक बांधत होता. नीट बांधत होता, चारही कोपरे ताणून.

मधल्या काळात मी खऱ्या शंभरावर चुन्याची रेघ मारून घेतली होती. पाटी हलवण्याचा विषय समितीत दोनदा निघाला. पण तिच्यावर पाहुण्यांचं नाव होतं, आणि नाव साडेबारा मीटर मागं घेतलं तर पाहुण्यांना काय वाटेल, यावर एकमत झालं नाही. सत्काराला तेच पाहुणे होते. या वेळी दीड तासच उशिरा आले. शंभर मीटरच्या या पवित्र धावमार्गावर ही कन्या घडली, असं ते म्हणाले. मग लेकीनं धावून दाखवावं असा आग्रह झाला. पाहुणे, मुख्याध्यापक आणि समिती पाटीपाशी लाल फीत धरून उभे राहिले. छायाचित्रकार गुडघ्यावर बसला. तिचे वडील कडेला माझ्या शेजारी होते.

मी शिट्टी वाजवली. ती पळाली, आणि तसं पळणं मी आमच्या मैदानावर पूर्वी पाहिलं नव्हतं. चुन्याची रेघ आली, तिनं ती पार केली, वेग सोडला, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

फीत धरलेले सगळे वाट पाहत होते.

"अगं, पुढं ये! पाटीपर्यंत!" मुख्याध्यापक ओरडले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "सर, शंभर झालं."

वडील म्हणाले, "झालंच की." पण पाहुण्यांचे हात फीत धरून दुखायला लागले असणार, म्हणून ती उरलेलं अंतर गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर तिचा फीत तोडतानाचा मोठा फोटो आला. मथळा होता, 'वाऱ्यालाही मागे टाकणारी'. फोटोत ती चालत आहे.