घंटेची दोरी

पेरिनमावशी चोर नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण चर्चच्या दारात तिला चोर म्हणणाऱ्या बायका अजून आहेत, आणि त्यांतल्या दोघींनी त्या दिवशी तिच्याच हातून गहू मापून घेतला होता.

आमच्या गावच्या धान्यबाजाराची घंटा बावीस वर्षं तिच्याकडे होती. पहिली घंटा घरापुरतं नेणाऱ्यांची. दोन तासांनी दुसरी, पाववाल्यांची. शेवटची व्यापाऱ्यांची. ग्रेमों व्यापाऱ्याने एकदा आपल्या घंटेआधीच पोत्यात हात घातला, तेव्हा तिने सगळ्यांदेखत त्याच्या बोटांवर मापाची पट्टी हाणली होती.

मग नव्या राजाचा हुकूम आला. घंटा बंद. कोणीही, कधीही, कितीही घ्यावं. वकील तेसिये पॅरिसहून एक पातळसं पुस्तक घेऊन आला होता, तो चौकात समजावू लागला.

“भाव कोणी ठरवायचा नसतो, बाई. पाणी कसं आपोआप आपली पातळी गाठतं? तसंच हे.”

“वकीलसाहेब, तुमच्या घरी पाणी आपोआप येतं का हो?”

बायका खिदळल्या. त्याच्या घरी पाणी मी भरत होते.

ग्रेमों आता शेतावरूनच पोती उचलू लागला. वीस सू नाण्यांना मिळणारं गव्हाचं माप एप्रिलात बावन्नवर गेलं. मावशीची लेक ओदिल ओली बाळंतीण. तिला कोंड्याची पेज पाजायची वेळ आली, तिचं दूध आटत चाललं.

त्या शनिवारी ग्रेमोंची आठ पोती नदीवर होडीत चढायला निघाली. घंटेची दोरी केव्हाच कापलेली. मावशी स्टुलावर चढली आणि पायातला लाकडी बूट काढून तिने घंटेवर हाणला. आम्ही हातातलं टाकून धावलो. गाडी अडवली, पोती सोडली.

“वीस सू! घरटी एकच माप! ए मादलोन, दुसरी पिशवी लपव आधी!”

सगळ्यांनी पैसे दिले. ते तिने ॲप्रनमध्ये गोळा करून ग्रेमोंच्या गाडीत ओतले. “मोजून घे रे. रिकामी पोतीही तुझीच, घेऊन जा.”

पैसे दिले की चोरी होत नाही, असं आम्हाला वाटलं. आमच्या आज्यांनीही महागाईत असंच केलं होतं.

मावशीला पकडून कोर्टात उभं केलं. न्यायाधीशाने विचारलं, “पैसे दिलेत, हे कबूल?”

“कबूल, साहेब! पै न् पै!” मावशी ताठ मानेने म्हणाली.

“म्हणजे भाव तुम्ही ठरवलात.”

सात महिने कैद. ग्रेमोंने पैसेही ठेवून घेतले. मावशीला नातू पुन्हा दिसला तो थेट दात आल्यावर.

सुटून आली तो बाजारचाच दिवस होता. पोत्यांभोवती चार घोडेस्वार.

“हे कोण?” तिने वकिलाला विचारलं.

“बंदोबस्त, बाई. बाजार आपला आपण चालावा म्हणून.”

“आपला आपण चालतो ना? मग यांना घरी पाठवा की!”

वकिलाने पुस्तक काखेत मारलं आणि तो निघून गेला. मावशी घंटेच्या जागी उभी राहिली. आता तिथे नुसता खांबच होता. नऊ वाजता ती गळा फाडून ओरडली, “पहिली!”

कोणी हललं नाही. घोडेस्वार हसले. ती पुन्हा ओरडली, माझ्याकडे बघून.

माझ्या खांद्यावर वकिलाच्या पाण्याची कावड होती. मी ती खाली ठेवली नाही.