घरीच असते

शेवटच्या वर्षाच्या मुलांना मुलाखतीसाठी तयार करण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते मी वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून नव्हे, तर कॉलेजच्या बैठकीला उशिरा पोहोचलो म्हणून. त्यातला एक तास ‘भावनांवर ताबा’ या विषयाचा होता. माझ्यासारख्या तापट माणसाने तो घ्यायचा, म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझ्या वाट्याच्या मुलांत जाफराबादकडची एक मुलगी होती. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती आणि तिची मुलाखत आठवड्यावर आली होती. वडिलांनी बजावलं होतं, ही नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची.

सरावासाठी मी साहेब झालो. विचारलं, "कॉलेज सोडून आणखी काय करता?"

"काही न्हाई सर. घरीच असते."

तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा मी टेबलावर हात आपटला. "असं सांगितलंस तर कोण घेईल तुला?"

ती रडेल असं वाटलं. पण ती म्हणाली, "सर, तुम्ही खेकसले की मला येतं तेबी इसरतं."

मागे फळ्यावर माझ्याच अक्षरात ‘आधी आपला राग ओळखा’ असं लिहिलेलं होतं. मला खरोखर लाज वाटली. दोन चहा मागवले आणि साधंच विचारलं, सकाळी कितीला उठतेस?

"पाचला. क्रॉसिंगला जावं लागतं ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. क्रॉसिंग म्हणजे हाताने केलेला संकर; घरच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट. दुपारनंतर चिमट्याने कळी उघडून पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, खुणेचा दोरा बांधायचा. आईच्या बरोबरीने चार हंगाम ती हे करत होती. मी वर्गात खडूने चित्र काढून जे शिकवतो, ते हिच्या बोटांत होतं. पण तिच्या लेखी ते काम नव्हतंच. आमच्याकडे बाईने दुसऱ्याच्या रानात केलं तर काम, स्वतःच्या रानात केलं तर ती घरीच असते.

"हेच सांग तिथं," मी म्हणालो.

"हेबी सांगायचं असतं?"

मुलाखतीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "आधी तोंडातून ‘घरीच असते’ असंच निघालं, सर. मंग थांबले, आन् सगळं बराबर सांगितलं. त्यांनी चिमटाच दिला हातात."

नोकरी लागली. पेढे घेऊन ती वडिलांसोबत कॉलेजात आली, तेव्हा मी सहज विचारलं, "आई नाही आल्या?"

"ती कुठं येती सर," वडील हसून म्हणाले, "घरीच असते."

मुलीने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. आवाज जराही चढवला नाही.

"घरी न्हाई, बाबा. आई आत्ता क्रॉसिंग करून राह्यली."