चिमी मागे वळून बघते

"सर, ती मागं कुनाला बघती?"

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात एका मुलीने हे विचारलं, तेव्हा मी चार्जिंगच्या वायरी गुंडाळत होतो. टॅबवर आमचा वजाबाकीचा खेळ चालू होता. खेळात चिमी नावाची एक मुलगी आहे. मुलांनी तिच्याशी शर्यत लावायची. दोघांसमोर एकच गणित येतं. चिमी कधी बरोबर सोडवते, कधी चुकते. चुकण्याआधी ती थांबते, मान वळवून मागे बघते आणि लिहिलेलं खोडते.

"कुणाला नाही. विचार करते ती," मी म्हणालो.

"इचार करताना मागं कोन बघतं?"

वर्ग हसला. मग माझ्या लक्षात आलं की भिंतीजवळची मुलं बाक सोडून जमिनीवर बसली आहेत. सगळ्यांच्या पाठी भिंतीला घट्ट टेकलेल्या.

वर्गशिक्षक हळूच म्हणाले, "आठवडाभर असंच चाललंय. पाठ मोकळी ठिवून चिमी खेळायची न्हाई, असा नियमच केलाय पोरांनी. ती ज्याला बघती ते आपल्याबी मागं येतं म्हनत्यात."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगतोय काय! परवा तपासायला बसलो तर मीबी एकदा मागं बघितलं."

मीही हसलो. हसलो, कारण ती कुणाला बघते हे मला माहीत होतं. जगात तेव्हा दोघांनाच माहीत होतं.

मी खेळ बनवतो. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून नगरला आलो आणि एका छोट्या संस्थेसाठी गणिताचे खेळ करू लागलो. आमचे खेळ ओपन सोर्स असतात. म्हणजे त्यांचा कोड, चित्रं, आवाज, सगळं उघडं. कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. पैसे नाहीत, परवानगी विचारायची नाही. याचा मला फार अभिमान होता.

चिमी अशी झाली. वजाबाकीच्या खेळात मुलांच्या बरोबरीचं कुणीतरी हवं होतं. कॉम्प्युटर कधी चुकत नाही, आणि न चुकणाऱ्याशी खेळायला मुलांना मजा येत नाही. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "चुका खऱ्या मुलासारख्या हव्यात. उगाच कुठलाही आकडा नको." म्हणून मी राजूरच्या वर, भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका शाळेत जाऊन बसलो. काजल नावाची तिसरीतली मुलगी रोज माझ्या टॅबवर गणितं सोडवायची. खेळ मागे तिचा लॉग ठेवायचा. कुठलं बटण कधी दाबलं, किती वेळ थांबली, काय खोडलं, याची आपोआप होणारी नोंद म्हणजे लॉग. शिवाय समोर एक मोबाईल व्हिडिओ घेत होता.

शून्याच्या वजाबाकीत मुलं हमखास चुकतात, असं मी वाचलं होतं. चाळीस वजा सोळा. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून दशकाकडून हातचा घ्यावा लागतो. ते न करता मुलं उलटं सहातून शून्य वजा करतात, आणि चोवीसऐवजी छत्तीस येतं. काजलही छत्तीस लिहायची. पण गंमत म्हणजे ती आधी चोवीस लिहायची. मग थांबायची, मागे बघायची, चोवीस खोडायची आणि छत्तीस लिहायची. पन्नास, सत्तर, दर शून्याला हेच.

मी तो सगळा लॉग, त्या थांबण्यासकट, चिमीला दिला. तिचं मान वळवणंही चित्रात उतरवलं. मॅडम खूश झाल्या. "अरे, जिवंत आहे ही!" म्हणाल्या.

काजलला विचारलं नाही. तिच्या आईलाही नाही. नाव बदललं की झालं, असं मनाला सांगितलं.

श्रीगोंद्याहून परतल्यावर मी मॅडमना फोन केला. "चिमीचं मागे बघणं काढू या. मुलं घाबरतात."

"तो बग नाहीये, प्रोग्रॅममधली चूक नाहीये, तीच तर तिची गंमत आहे," त्या म्हणाल्या. "आणि काढून उपयोग काय? खेळ कुठे कुठे गेलाय, तुला तरी माहितेय का?"

खरं होतं. लोकांनी खेळ घेऊन आपापल्या परीने बदलला होता. कुणी चिमीला शाळेचा गणवेश घातला. कुणी तिला मुलगा बनवलं. एकाने तर माकड केलं. मी ते डाउनलोड करून बघितलं. माकड झाडावर बसून गणितं करत होतं. चाळीस वजा सोळा आलं. माकडाने चोवीस लिहिलं, थांबलं, आणि मान वळवून मागे बघितलं. चित्र कुणीही बदलत होतं, लॉगच्या फाइलला मात्र कुणी हात लावला नव्हता. मी भर दुपारी ऑफिसात होतो. पाठीशी कपाट होतं. तरी खुर्ची सरकवून भिंतीला लावली.

पावसाळ्यात त्या डोंगरातल्या शाळेच्या गुरुजींचा फोन आला.

"सर, काजल आठवती का? आता सातवीला हाय. शाळा सोडती म्हनती. तुमी या."

"का? काय झालं?"

"तुमच्या चिमीमुळं."

राजूरला बाजाराचा दिवस होता. गुरुजी मला तिथून जीपमधून वर घेऊन गेले. धुकं इतकं की ड्रायव्हर खिडकीबाहेर डोकं काढून रस्ता शोधत होता. गुरुजींनी वाटेत सांगितलं. काजलचा धाकटा भाऊ आता तिसरीत आहे. त्याच्या वर्गात आमचे टॅब आले. पहिल्याच दिवशी तो ओरडला, "ही तर आमची काजल!" चेहरा वेगळा, नाव वेगळं. पण उत्तर लिहिताना तशी मान वळवायची काजलला सवयच लागली होती, त्यावरून त्याने ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून शाळाभर तिचं नाव चिमी.

काजलच्या घरी पोचलो, तेव्हा तिची आई शेतातून, भाताच्या आवणीवरून तशीच आली होती. पायांना चिखल होता.

"बसा सर," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा हिला. पोरं 'चिमे, मागं बघ, मागं बघ' करत्यात, म्हनून घरी बसली. म्हनती शेळ्या राखीन. शेळ्यांना वजाबाकी लागत न्हाई, म्हनती."

काजल भिंतीला पाठ लावून बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "टॅब आनलाय का, सर?"

मी तिच्या हातात दिला. तिने खेळ सुरू केला. दाराबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. पडद्यावर चाळीस वजा सोळा आलं. चिमीने चोवीस लिहिलं. थांबली.

"अं?" काजल म्हणाली.

तो सूर तिचा नव्हता. माझा होता. हुबेहूब, शेवटी किंचित वर चढणारा. त्याच क्षणी चिमीने मान वळवली आणि चोवीस खोडलं. पुढच्या गणिताला पुन्हा तसंच. आधी काजलचं "अं?", मग चिमीची मान. जणू आवाज ऐकूनच वळते.

"ते काय गं?" आईने विचारलं.

"सर म्हनायचे. मागं उभं ऱ्हाऊन."

मग मी सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी काजलच्या मागे उभा राहायचो. ती शून्याला चुकणार हे मी धरूनच चाललो होतो. तिने बरोबर लिहिलं की मला नवल वाटायचं, आणि तोंडातून "अं?" निघायचं. ऑफिसातही माझ्या या "अं?"ला ज्युनिअर लोक घाबरून चांगला कोड बदलायचे. ती वळून माझ्या तोंडाकडे बघायची. चुकलं असं समजून खोडायची. रात्री मी व्हिडिओ बघितला, त्यात हे सगळं स्वच्छ दिसत होतं. मला त्याच रात्री कळलं होतं. पण मला चुका हव्या होत्या, आणि या चुका फार खऱ्या दिसत होत्या. व्हिडिओ पुसला. लॉग ठेवला.

आईने काजलकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी हिला येत हुतं?"

"पहिल्यापासून येत होतं, ताई."

"आन् आमी हिला डोक्यानं जड म्हनत आलो."

मी काजलला विचारलं, "आता मी काय करू? चिमी काढून टाकू?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं. "काढू नका. तिला येतंय, सर. तुमी तिच्या मागनं उठा."

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गासमोर उभा राहून मी सगळं पुन्हा सांगितलं. चिमी चुकत नव्हती, तिच्या मागे मी होतो. मग मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, मंग तुमच्या मागं कोन हाय?"

मी खरोखरच मागे बघितलं. फळा होता. वर्ग खदखदून हसला. दाराशी उभी असलेली काजलही हसली, आणि आत येऊन बसली. ती आता रोज शाळेत येते, असं गुरुजी सांगतात.

मी खेळाची नवी आवृत्ती काढली. तीत चिमी चोवीस लिहिते आणि पुढे जाते. बदलाचं कारण मॅडमनी मोघम लिहायला सांगितलं होतं. मी स्पष्ट लिहिलं: या चुका मुलीच्या नव्हत्या, चाचणी घेणाऱ्याच्या होत्या, आणि त्याला ते माहीत होतं. काजलची आणि तिच्या आईची परवानगी या वेळी आधी घेतली.

पण वाटून टाकलेलं परत मागता येत नाही. ज्या गावांत नेट नाही तिथे जुना खेळ मोबाईलवरून मोबाईलवर फिरतोच आहे. परवा एका शाळेच्या व्हरांड्यात तो चालू दिसला. मी मुलांच्या मागे उभा होतो. पडद्यावर चिमीने मान वळवली. तिच्यापाठोपाठ चारही मुलांनी वळवली, आणि पाचही जणांनी माझ्याकडे बघितलं.

टेस्टिंग करताना मुलांच्या मागे उभं राहू नये. समोर बसावं, जमिनीवर, आणि तोंड बंद ठेवावं.