बापाच्या वाट्याची हळद

डोणगावात हळदीची गाणी म्हणावीत तर माझ्या आईनंच. तिचं गाणं ठरलेलं कधीच नसायचं. समोर कोण बसलंय ते बघून ती जागच्या जागी ओळ बांधायची आणि बायका ती झेलायच्या. आमच्याकडची रीत अशी, की गाण्यात ज्याला हाक येईल त्यानंच उठून नवरीला हळद लावायची. हाक आली नाही म्हणून रुसून बसलेले जावई मी पाहिलेत.

गेल्या दिवाळीनंतर माझा भाऊ हार्ट अटॅकनं गेला. आईला तेव्हाच विसरायला होऊ लागलं होतं. तो कुठं गेला, असं तिनं विचारलं की मी खरं सांगायचे. ती ऊर बडवून रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. शेवटी मी खोट्यावर आले. "गाडीत बसला, माय. येऊन राह्यला."

वर्षाच्या आत उरकायचं म्हणून त्याच्याच मुलीचं लग्न काढलं. आईला गायला बसवू नका म्हणून मी घरात सगळ्यांशी भांडले. मामा-काका झाले की बापाची पाळी. ती त्याला हाक मारील आणि पोरगी पाटावरच कोसळेल, याची मला धास्ती. पण बुलढाण्याचे मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "गाऊ द्या. माणूस ऐनवेळी गाणं रचतो तेव्हा मेंदूतला टोकणारा भाग जरा गप्प बसतो. गाणारा कुठल्याही मुलखातला असो. बोलताना हरवलेलं गाताना सापडतं कधीकधी." मला रागच आला. सापडून आमचं काय भलं होणार होतं?

"उठा उठा जी मामा, लावा नवरीले हळद." मामा उठले. मग काका. मग आई थांबली आणि डोळे मिटून गायली,

"बाप गेला दूर देशी, नाही यायची त्याची गाडी,
त्याच्या वाट्याची हळद, लाव बहिनी तू थोडी."

कुणीच झेललं नाही. ज्या गाडीचं खोटं मी तिला रोज सांगत होते, ती येणार नाही हे तिला आत कुठंतरी ठाऊक होतं. इतके महिने ते दुःख ती एकटीच घेऊन बसली होती. चिरक्या आवाजात मीच ओळ झेलली, उठले, पोरीच्या गालांना हळद लावली. ती मला बिलगून रडली. आई पुढं मावशीला हाक देत होती.

गाणं संपल्यावर तिनं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर मांडवभर पाहिलं.

"तुहा भाऊ कुठी राह्यला वं? पोरीले हळद लावाले नाही आला?"

गाडीत बसला, हे माझ्या तोंडून निघेना.

"लावून गेला, माय," मी म्हणाले, आणि माझा पिवळा हात तिच्यापुढं धरला.