विग घातलेला बाप

तो सिनेमा बाबांनीच आम्हाला दाखवला, आणि तोही मोठ्या हौसेने. दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी, आईने तळलेले बटाटेवडे पुढ्यात घेऊन आमचा अख्खा बँड जमिनीवर पसरला होता. बँड म्हणजे फार काही नव्हतं. मी गायचे, तिघे वाजवायचे, आणि अल क्वोजमध्ये एका गोदामाच्या पोटमाळ्यावर भाड्याने मिळणाऱ्या खोलीत आम्ही घसे आणि कान फाडून घ्यायचो. कॉलेजचं पहिलंच वर्ष होतं.

सिनेमा हॉलिवूडचा, साठच्या दशकाच्या शेवटचा. एकेकाळी नुसता पडद्यावर आला तरी लोक हसायचे असा एक विनोदी नट त्यात म्हातारा झाला होता, आणि स्टुडिओवाल्यांना अचानक हिप्पी पोरांना थिएटरात खेचायची घाई झाली होती. गोष्ट अशी: मुलगी घर सोडून हिप्पींच्या वस्तीत जाते. बाप लांब केसांचा विग आणि गळ्यात मण्यांच्या माळा घालून तिथे घुसतो, त्यांची भाषा शिकतो, दोस्ती करतो, त्यांची गुपितं काढून घेतो. शेवटी विग काढतो आणि सगळ्यांच्या आईबापांना बोलावून घेतो. पोरं रागावत नाहीत. उलट मिठ्या मारतात, सगळे मिळून नाचतात आणि पोरं मुकाट गाड्यांत बसून घरी जातात.

आम्ही त्याची यथेच्छ टर उडवली.

"हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी हिप्पी बघितला होता का?" मी म्हणाले.

बेस गिटार वाजवणारा आमचा मित्र, मूळचा वसईचा, उशीत तोंड खुपसून हसत होता. "ब्रो, दॅट विग! अंकल, सिरियसली, लोकांना हे आवडलं?"

"साफ आपटला," बाबा डोळे पुसत म्हणाले. "तरुण पोरं फिरकली नाहीत, आणि म्हाताऱ्यांना वाटलं, हा काय वाह्यातपणा. पण मला आवडतो."

सगळ्यांत जास्त तेच हसले होते. आपला बाप असल्या बापांना हसतो, याचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला!

कारण तोवर बाबा आमच्यातलेच झाले होते. ऑडिटची नोकरी करणारा, इस्त्रीच्या शर्टाशिवाय भाजी आणायलाही न जाणारा हा माणूस. त्यांनी काळा टीशर्ट घेतला, आम्हाला अल क्वोजला ने-आण करायला लागले, "यल्ला, चला रॉकस्टार्स!" म्हणत गाडीचं दार उघडायला लागले. सराव संपला की शावरमा खिलवायचे. आई म्हणायची, "या वयात हे काय खूळ!" मला ते खूळ फार आवडायचं. मैत्रिणींचे बाप मार्कांपलीकडे काही विचारत नसत.

बेसवाल्या मित्राने इंजिनिअरिंगला जाणंच सोडून दिलं होतं. सकाळी डबा घेऊन घरातून निघायचा आणि दिवसभर त्या पोटमाळ्यावर वाजवत बसायचा. हे बँडला माहीत होतं, कुणाच्याही घरी नाही. आमचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं की घरी सांगेन, असं त्याने ठरवलं होतं. सिनेमानंतर थोड्याच दिवसांनी बाबा त्याला घरी सोडायला गेले. गाडीत दोघंच होते. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील सरावाच्या खोलीत येऊन उभे राहिले. त्यांनी गिटार उचलली, याने बॅग. लवकरच तो वसईला मामाकडे रवाना झाला, हॉटेल मॅनेजमेंटला.

विमानतळावरून त्याचा फोन आला. माझ्या तोंडून काही गेलेलं नाही, असं मी घाईघाईने सांगायला लागले.

"आय नो," तो म्हणाला. "मीच अंकलना सांगितलं. त्यांनी विचारलं, काही टेन्शन आहे का रे? माझ्या डॅडनी असं कधी विचारलंच नाही."

मी तडक बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"तू सांगितलंस त्याच्या डॅडना?"

"सांगायलाच हवं होतं. उद्या तू असं केलंस, तर दुसऱ्या बापाने मला सांगावं असंच मला वाटेल."

"मग आमच्यात कशाला येऊन बसलास? ती गाडी, तो शावरमा, ते रॉकस्टार्स?"

"अगं, नाहीतर तुम्ही मला काही सांगितलं असतंत का?"

हे ते इतकं सरळ बोलले की मला रडूच फुटलं. त्या दुपारी आम्ही पडद्यावरच्या बापाला हसत होतो. बाबा त्याच्या जोडीने त्या पोरांना हसत होते. मला फसवलं होतं, माझ्याच घरात, माझ्याच आवडत्या माणसाने.

बँड मोडला. मी घरात कामापुरतं बोलायला लागले, आणि नोकरी लागल्यावर सिलिकॉन ओएसिसला वेगळी राहायला गेले. बाबांचा फोन यायचा, "जेवलीस का?" मी "हो" म्हणायचे. काय जेवले ते सांगायचे नाही. मित्राशी हळूहळू संपर्क तुटला, पण राग तुटला नाही. तो बिचारा तिकडे अडकलाय, त्याच्या वतीने कुणीतरी इथे रागावलेलं राहायला हवं, अशी माझी समजूत होती.

गेल्या नाताळात आईबाबांकडे गेले, तर तो सोफ्यावर बसलेला. दुबईतल्याच एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला लागला होता, प्लम केक घेऊन आला होता. त्याचा हात बाबांच्या खांद्यावर होता.

"अंकल नसते ना, तर आय वुड बी नोव्हेअर," तो मला म्हणाला. "ही सेव्ह्ड मी, यार."

बाबा माझ्याकडे न बघता केक कापत राहिले. निदान तेव्हा तरी जिंकल्यासारखं हसले असते, तर मला भांडता आलं असतं.

"वाजवतोस का अजून?" मी विचारलं.

"छे गं, खलास! आपला येडपटपणा होता तो. तू अजून सिरियसली घेतेस की काय?"

आई हसली, तोही हसला. मी केकचा तुकडा घेतला, छान झालाय म्हणाले. या माणसासाठी मी माझ्या बापाशी इतकी वर्षं धड बोलले नव्हते.